'वापरलं की वाढतं' इतकं सोपं आहे का? डावा हात, 'ळ' आणि सिनॅप्स

शाईडाग (धागाकर्ती)

सहा आठवड्यांसाठी उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. पडण्याची गोष्ट सांगण्यासारखी नाही. सपाट जमीन, कोरडी, उजेड भरपूर. तरी पडले.

मला रोज हाताने लिहायची सवय, ती सुटेना. म्हणून डाव्या हाताने सुरुवात केली. (हा मजकूर फोनला सांगून लिहिलाय. चुका सुधारल्यात, उरलेल्या पोटात घाला.) ज्यांनी कधी करून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: उजव्या हाताने आपण रेघ ओढतो, डाव्याने ती ढकलावी लागते. शिरोरेघ ढकलताना पेनाचं टोक कागदात रुततं. शिवाय हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून फिरतो, त्यामुळे करंगळीखालचा भाग दिवसभर निळा. आयडी त्यावरूनच घेतलाय.

सगळ्यांत जास्त छळलं ते 'ळ'ने. पहिली गाठ कशीबशी वळते, दुसरीकडे जाताना हात नेमका उलटा फिरतो. चौथ्या रात्री पानभर 'ळ' काढले. एकही धड नाही, आणि शेवटचे तर पहिल्यांपेक्षा वाईट. वैतागून झोपले. सकाळी सहज पेन उचललं आणि पहिलाच 'ळ' बरा आला. मधल्या वेळात मी काहीच केलं नव्हतं!

मग वाचायला लागले. मेंदूत साधारण 8,600 कोटी चेतापेशी. दोन पेशी जिथे एकमेकींशी बोलतात ती जागा म्हणजे सिनॅप्स. हा शब्द शेरिंग्टन यांनी 1897 मध्ये आणला. मध्ये सुमारे 20 नॅनोमीटरची फट. अलीकडची पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडची ते झेलते. त्याआधीच, 1894 मध्ये, रामोन इ काहाल यांनी लंडनमधल्या व्याख्यानात असा अंदाज मांडला होता की मेंदूला व्यायाम दिला की पेशींची संख्या नव्हे, त्यांच्यातल्या जोडण्या वाढत असाव्यात. पुढे 1949 मध्ये डोनाल्ड हेब यांनी त्याला नियमाचं रूप दिलं: एक पेशी दुसरीला पेटवण्यात पुन्हा पुन्हा हातभार लावत असेल, तर त्या दोघींमधली जोडणी जास्त परिणामकारक होते.

इथवर समजलं. आता अडतंय ते असं. जिथे तिथे लिहिलेलं असतं की मेंदू स्नायूसारखा आहे, वापरला की वाढतो. पण मग मी तर दिवसभर मेंदू वापरते. पंख्याचा आवाज दिवसभर ऐकते. तो पाठ का होत नाही? सगळंच का पक्कं होत जात नाही? आणि समजा झालं, तर शेवटी सगळेच सिनॅप्स टिच्चून भरले की पुढचं शिकायला जागा कुठे?

जाणकारांनी सांगावं. सोपं करून सांगितलंत तरी चालेल, खोटं करून नको.

---

अडगळ

पंख्याचा आवाज पाठ झाला नाही म्हणता, पण तो बंद पडला की लगेच कळतं की नाही? मग कुठेतरी नोंद आहेच.

बाकी वाचतोय. माझे सिनॅप्स फक्त पासवर्ड विसरण्यात तरबेज झालेत.

---

वेलांटी

मस्त धागा. लवकर बरं वाटो. 'ळ'चा फोटो टाका ना.

---

रातकिडा

अडगळ गमतीत बोलले, पण नेमकं बोलले. पंख्याकडे येतो नंतर.

मी काही वर्षं हेच काम केलंय. आता वेगळ्या क्षेत्रात आहे, त्यामुळे अगदी ताजं मला विचारू नका. उंदराच्या हिप्पोकॅम्पसचे (मेंदूतला आठवणी घडवण्यात महत्त्वाचा भाग) काप घ्यायचे, 400 मायक्रोमीटर जाडीचे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. ते मेंदूतल्यासारखे क्षार असलेल्या द्रवात ठेवायचे, द्रवातून 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. असा काप कित्येक तास जिवंत राहतो. एका तारेने चेतातंतूंच्या जुडग्याला दर 30 सेकंदांनी हलकी टिचकी मारायची, आणि पलीकडे काचेच्या बारीक नळीने पेशींचा प्रतिसाद टिपायचा. पडद्यावर एक खळगा उमटतो. त्या खळग्याचा उतार जितका तीव्र, तितकी जोडणी जोरकस.

वीस मिनिटं नुसतं बघत बसायचं. उतार स्थिर हवा. मग एकदाच, एका सेकंदात 100 टिचक्या. बस. त्यानंतर पुन्हा तीच जुनी, हलकी, 30 सेकंदांची टिचकी. आणि आता उतार दीडपट! टिचकी तीच, उत्तर मोठं. एक तास थांबा, दोन तास थांबा, खाली येत नाही. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने हे घडवलं त्या रात्री मी घरीच गेलो नव्हतो.

याला दीर्घकालीन वृद्धी म्हणतात, बोलताना सगळे एलटीपीच म्हणतात. तेर्ये लोमो यांना हे ऑस्लोत 1966 मध्ये दिसलं, आणि टिम ब्लिस यांच्यासोबतचा सविस्तर निबंध आला 1973 मध्ये. त्यांनी भूल दिलेल्या सशांवर काम केलं होतं. 18 पैकी 15 सशांत वाढ दिसली आणि ती 30 मिनिटांपासून 10 तासांपर्यंत टिकली. हेब यांचं म्हणणं तोवर 24 वर्षं कागदावरच होतं.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. एकदा माझी रेघ सुरेख वर चढली. मी प्रिंट काढून सगळ्यांना दाखवत फिरलो. आमच्यातल्या सीनिअर बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि दुसरा मार्ग?" त्याच पेशींवर येणाऱ्या दुसऱ्या तंतूंना आम्ही वेगळी तार लावायचो, आणि तिला त्या 100 टिचक्या कधीच द्यायच्या नाहीत. बघितलं तर तोही मार्ग तितकाच चढलेला. म्हणजे एलटीपी वगैरे काही नाही, द्रव गरम करणाऱ्या हीटरचा काटा सरकला होता. उबेने सगळंच खुलतं. आठवडाभर कुणी माझ्याकडे धड बघितलं नाही.

खरी वृद्धी कशी असते? ज्या सिनॅप्सना जोराचा संदेश मिळाला तेवढेच वाढतात. त्याच पेशीवर, मिलिमीटरच्या काही शतांश अंतरावर बसलेला शेजारी जिथल्या तिथे. म्हणून स्नायूची उपमा मला खटकते. स्नायू पूर्ण फुगतो. इथे हजारो सिनॅप्स बाळगणाऱ्या पेशीवरचे मोजकेच बदलतात, आणि कोणते बदलले त्यालाच अर्थ असतो.

---

शाईडाग

हीटर! :)) हे फार आवडलं.

पण "ज्यांना जोराचा संदेश मिळाला" म्हणजे पुन्हा 'वापरलं की वाढतं'च झालं ना?

---

रातकिडा

नाही. इथेच गंमत आहे, जरा तपशिलात जाऊ द्या.

पलीकडच्या पेशीवर रसायन झेलणारे रिसेप्टर असतात. रसायन आहे ग्लुटामेट. एका जातीचे रिसेप्टर साधे, त्यांचं नाव आम्पा. ग्लुटामेट बसलं की उघडतात, सोडियम आत येतो, पेशीचा व्होल्टेज जरा वर जातो. रोजचं बोलणं यांच्यावर चालतं.

दुसरी जात एनएमडीए. याच्यावरही ग्लुटामेट बसतं, वाट उघडतेही, पण त्या वाटेत मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. पेशी निवांत असते तेव्हा, साधारण उणे 70 मिलिव्होल्टला, तिचा आतला ऋण भार मॅग्नेशियमला खेचून धरतो. पलीकडची पेशी स्वतः चांगली चेतली, व्होल्टेज वर आला, तरच बूच उडतं. हे 1984 मध्ये दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं.

म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी हव्यात. अलीकडून ग्लुटामेट आणि पलीकडे जाग. नुसतं अलीकडच्याने ओरडून भागत नाही. दोन्ही जुळलं तर त्या वाटेने कॅल्शियम आत घुसतं. हेब यांनी 1949 मध्ये शब्दांत लिहिलेली अट निसर्गाने एका रेणूत बसवलेली निघाली. माझ्या मते जीवशास्त्रातल्या सगळ्यांत देखण्या गोष्टींपैकी ही एक.

कॅल्शियम आत आलं की एक मोठं प्रथिन जागं होतं, त्याचं नाव कॅमकेटू. बारा सारख्या तुकड्यांची दुहेरी कंकणं. एक तुकडा शेजारच्या तुकड्याला फॉस्फेट चिकटवतो, आणि मग कॅल्शियम ओसरलं तरी ते काही काळ चालूच राहतं. पुढचं काम साठ्यातले आम्पा रिसेप्टर आणून सिनॅप्सवर बसवण्याचं. काही सिनॅप्स तर सुरुवातीला मुकेच असतात, त्यांच्यावर एनएमडीए आहेत पण आम्पाच नाहीत. 1995 मध्ये दिसलं की अशा मुक्या सिनॅप्सनाही या पद्धतीने वाचा फुटते. सिनॅप्स ज्या छोट्या काट्यावर बसलेला असतो त्याचं डोकंही फुगतं. काहाल यांनी 1888 मध्ये कोंबडीच्या मेंदूत हे काटे पाहिले होते, तेव्हा अनेकांना ती रंग देण्यातली चूक वाटली होती.

आता पंखा. त्याचा एकसुरी आवाज मेंदूच्या दृष्टीने कशाशीच जोडलेला नाही. तो आला म्हणून काही झालं नाही, नाही आला म्हणून काही अडलं नाही. उलट अशा निरर्थक पुनरावृत्तीला प्रतिसाद घटत जातो.

---

अनुस्वार

रातकिडा, लिहिता छान. पण एक शंका पहिल्यापासून आहे. एका सेकंदाला 100 टिचक्या, तारेने, बशीतल्या कापावर. खऱ्या मेंदूत कोण कुणाला अशा टिचक्या मारतं? जे प्रयोगशाळेत घडवता येतं ते आठवणीचं यंत्र आहे, हे कशावरून? माझ्याकडे हातोडी आहे, भिंतीला भोक पडतं, म्हणून भिंती हातोडीने बांधतात असं होत नाही.

---

रातकिडा

शंका रास्त आहे. या क्षेत्रात तिच्यावर तीस-चाळीस वर्षं खर्ची पडलीत.

पहिली पायरी रिचर्ड मॉरिस यांची, 1986. गढूळ पाण्याच्या टाकीत उंदीर सोडायचा. पाण्याखाली एक लपलेला चौथरा असतो, तो कुठे आहे हे आजूबाजूच्या खुणांवरून शिकायचं. मेंदूत एनएमडीए रोखणारं औषध सोडलं तर उंदीर पोहतो नीट, पण चौथऱ्याची जागा त्याला शिकता येत नाही. अर्थात औषध आणखी कायकाय बिघडवतं हा प्रश्न राहतोच.

2006 मध्ये उलट दिशेने गेले. उंदराला एक धडा शिकवला आणि शिकण्यामुळे हिप्पोकॅम्पसमध्ये आपोआप, तारेशिवाय, एलटीपीसारखी वाढ झाली का ते तपासलं. झाली होती, सगळीकडे नाही, ठिकठिकाणी.

आणि 2014 चा प्रयोग तर मी दोनदा वाचला. उंदराच्या मेंदूतल्या विशिष्ट तंतूंना प्रकाशाने चेतवता येईल अशी सोय केली आणि तो प्रकाश पायाला बसणाऱ्या शॉकशी जोडला. उंदीर प्रकाशाला घाबरू लागला. मग त्याच सिनॅप्सना दुबळं करणारा संथ संदेश दिला. भीती गेली. मग बळकट करणारा जलद संदेश दिला. भीती परत आली! पुन्हा शॉक न देता.

---

अनुस्वार

हे माहीत नव्हतं. बरं, एवढ्यापुरती माघार.

पण दुसरा मुद्दा सोडत नाही. हे रिसेप्टर, हे कंकण, सगळी प्रथिनं आहेत, आणि प्रथिनं काही दिवसांत, फार तर आठवड्यांत, बदलली जातात. माझ्या लहानपणाच्या आठवणी पन्नास वर्षं टिकल्यात. विटा सारख्या बदलताहेत आणि भिंत तशीच? फ्रान्सिस क्रिक यांनी 1984 मध्ये हाच प्रश्न विचारला होता.

---

रातकिडा

त्याचं उत्तर मिटलेलं नाही, हे मान्य. कंकणातला जुना तुकडा बदलून नवा आला की शेजारचे त्याला पुन्हा फॉस्फेट लावतात, म्हणजे विटा बदलूनही शिक्का उरतो, ही एक कल्पना. दुसरी अशी की वेगळंच एक प्रथिन सतत काम करत राहून आठवण धरून ठेवतं. 2006 मध्ये ते रोखून उंदरांच्या आठवणी पुसल्याचा गाजावाजा झाला, आणि 2013 मध्ये ते प्रथिन मुळातच नसलेले उंदीरही नीट शिकतात असं दोन गटांनी दाखवलं. वाद चालू आहे.

माझं मत विचाराल तर मी आकाराच्या बाजूने आहे. काट्याचं डोकं मोठं झालं, जोडणीची जागाच वाढली, की मग एकेक रेणू बदलला तरी बिघडत नाही. समुद्री गोगलगाय अ‍ॅप्लिसियात हे फार स्पष्ट दिसतं. एरिक कँडेल यांचं काम, 2000 सालचं नोबेल. या प्राण्यात सगळ्या मिळून सुमारे 20,000 चेतापेशी, आणि काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांना दिसतात. सेरोटोनिन एकदा दिलं तर जोडणी काही मिनिटं वाढते. तेच मध्ये अंतर ठेवून पाच वेळा दिलं तर दिवसभराहून अधिक. आणि ही दुसरी वाढ नवी प्रथिनं बनू दिली नाहीत तर होतच नाही. प्राण्याला दीर्घकाळ शिकवल्यावर संवेदी पेशीची जोडणीची टोकं मोजली तेव्हा ती साधारण 1,300 वरून 2,700 च्या घरात गेली होती. बदल कायम करायचा तर बांधकामच करावं लागतं.

शाईडाग, 'मध्ये अंतर ठेवून' हे शब्द तुमच्यासाठी. पानभर 'ळ' एका बैठकीत काढू नका. दहा आता, दहा संध्याकाळी.

---

वेलांटी

आमच्याकडे मुलांच्या बाबतीत सारखं ऐकवलं जातं, "लहान वयात जोडण्या जास्त, म्हणून आत्ताच सगळं शिकवून घ्या." खरं आहे का? माझ्या मुलीचा एक डोळा आळशी निघाला होता. चार वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाका. आम्हाला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. चांगला डोळा झाकायचा? तिने महिनाभर आमचा जीव खाल्ला, पट्टी ओढून काढायची, भिंतीवर आपटायची. पण उपयोग झाला.

---

रातकिडा

तुमच्या मुलीची पट्टी म्हणजे ह्युबेल आणि विझेल यांच्या मांजराच्या पिलांच्या प्रयोगांचंच घरगुती रूप. 1963 मध्ये त्यांनी दाखवलं की पिलाचा एक डोळा लहानपणी काही आठवडे बंद ठेवला तर मेंदूतल्या दृष्टीच्या भागातल्या बहुतेक पेशी उघड्या डोळ्याच्या होऊन बसतात. बंद डोळा स्वतः ठणठणीत असतो, मेंदूत त्याला कुणी विचारत नाही. मोठ्या मांजरात तसं होत नाही. 1981 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आणि इथे 'वापरलं की वाढतं'ची दुसरी बाजू दिसते. डोळ्यांमध्ये स्पर्धा चालते. एकाचं वाढतं ते दुसऱ्याचं कमी होऊन. म्हणून पट्टी चांगल्या डोळ्यावर.

जोडण्या जास्त म्हणजे हुशारी जास्त हा मात्र गैरसमज. माणसाच्या मेंदूच्या पुढच्या भागात सिनॅप्सची दाटी वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी सर्वाधिक असते, आणि किशोरवयापर्यंत ती बरीच उतरते. पीटर हुटेनलोखर यांनी 1979 मध्ये मोजून दाखवलं. म्हणजे मूल शहाणं होत जातं तेव्हा सिनॅप्स कमी होत असतात. छाटणी करणाऱ्यांत मायक्रोग्लिया नावाच्या पेशीही आहेत, त्या नको असलेले सिनॅप्स चक्क गिळतात.

---

शाईडाग

म्हणजे माझ्या 'टिच्चून भरले तर' या प्रश्नाचं उत्तर छाटणी?

---

रातकिडा

छाटणी हे एक. मोठेपणी रोजच्या रोज चालतं ते दुबळं होणं. एलटीपीचा जुळा भाऊ म्हणा, एलटीडी. 1992 मध्ये सेरेना डुडेक आणि मार्क बेअर यांनी त्याच हिप्पोकॅम्पसच्या कापाला सेकंदाला एक अशा 900 टिचक्या दिल्या, म्हणजे 15 मिनिटं. जोडणी उतरली. मजा अशी की वाट तीच, एनएमडीए, आणि दूतही तोच, कॅल्शियम. एकदम भरपूर आलं तर आम्पा बसवले जातात, थोडं थोडं बराच वेळ झिरपलं तर काढून नेले जातात. त्यामुळे 'वापर' हा शब्दच अपुरा आहे. सेकंदाला एक हासुद्धा वापरच ना? पण तो वापर घटवणारा!

वेळेचा काटा तर आणखी बारीक आहे. अलीकडची पेशी आधी पेटली आणि 20 मिलिसेकंदांच्या आत पलीकडची, तर जोडणी वाढते. क्रम उलटा झाला, पलीकडची आधी, तर तीच जोडणी घटते. बी आणि पू यांनी 1998 मध्ये हे आलेखावर मांडलं. जणू सिनॅप्स विचारतोय, "माझ्यामुळे झालं की माझ्याशिवाय?" काम झाल्यावर येऊन श्रेय मागणाऱ्याला इथे दंड आहे.

---

अडगळ

हा नियम कार्यालयात लागू करता येईल का? विचारून सांगा.

---

अनुस्वार

रातकिडा, अजून एक. वाढ आणि घट दोन्ही अशा 'जो जिंकला तो आणखी जिंकेल' पद्धतीच्या असतील तर पेशी एकतर पेटतच राहील नाहीतर मुकी होईल. मधे काहीतरी लगाम हवा.

---

रातकिडा

आहे. 1998 मध्ये जिना तुरिजियानो यांच्या गटाने बशीत वाढवलेल्या पेशींचा सगळा गलका औषधाने दोन दिवस बंद पाडला. पेशींनी आपले सगळे सिनॅप्स वाढवून घेतले, जणू कान टवकारले. उलट फार गलका केला तर सगळे कमी केले. आणि हे एकेक करून नाही, सरसकट गुणाकार करून. त्यामुळे कोण कोणापेक्षा किती मोठा हे प्रमाण तसंच राहतं, म्हणजे शिकलेलं शाबूत. मात्र याला तास-दिवस लागतात. एलटीपी मिनिटांत होतं, लगाम सावकाश ओढला जातो.

---

जुनाट

तुम्ही सगळे फार हुशार लोक आहात. माझा प्रश्न साधा. वय 64. जुन्या टंकयंत्रावर तीस वर्षं बोटं चालवली. आता नव्या कीबोर्डवर अक्षरांची मांडणी वेगळी. बोटं जुन्या जागी जातात. नातू म्हणतो या वयात मेंदूत बदल होत नाही. खरं का?

---

रातकिडा

काका, नातवाला सांगा बदल होतो. काही ठरावीक गोष्टींची खिडकी लहानपणीच बंद होते, डोळ्यांचं वर सांगितलं. पण शिकण्याची यंत्रणा आयुष्यभर चालू असते, तिचा वेग मंदावतो. तुमची अडचण वय नाही. तीस वर्षांच्या पक्क्या जोडण्या नव्याच्या आधी पुढे येतात. तुमच्याऐवजी एखादा विशीतला, पण तीस वर्षं टंकलेखन केलेला माणूस (असा नसतो, पण समजा) असता तर त्याचीही बोटं तिथेच गेली असती.

---

जुनाट

सांगतो. तो ऐकणार नाही, पण सांगतो.

---

शाईडाग

आता माझ्या सकाळच्या 'ळ'चं सांगा. झोपेत काय झालं?

---

अनुस्वार

मी सांगू का? रात्री हात थकला होता. तुम्हीच लिहिलंय की शेवटचे 'ळ' पहिल्यांपेक्षा वाईट. सकाळी थकवा गेला, आणि शिकलेलं जे थकव्याखाली झाकलं होतं ते उघडं पडलं. इतकं साधं असू शकतं.

---

रातकिडा

अनुस्वार यांच्याशी बराचसा सहमत. एका माणसाच्या एका 'ळ'वरून झोपेला श्रेय देता येणार नाही.

तरी झोप रिकामी नसते. 2014 मध्ये उंदरांना फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायला शिकवलं आणि हालचालींच्या भागातल्या पेशींचे काटे जिवंतपणी सूक्ष्मदर्शकातून मोजले. शिकल्यावर झोपू दिलेल्यांत नवे काटे जास्त उगवले. दुसरीकडे तोनोनी आणि चिरेल्ली यांचं म्हणणं असं की दिवसभरात सिनॅप्स एकंदरीत वाढतात आणि झोपेत आकसतात. 2017 मध्ये त्यांनी उंदराच्या मेंदूतले 6,920 सिनॅप्स इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. झोपेनंतर जोडणीची जागा सरासरी 18 टक्क्यांनी लहान होती, पण सगळ्यांत मोठे सिनॅप्स आकसले नव्हते. एक म्हणतो झोपेत वाढतं, दुसरा म्हणतो घटतं. दोन्ही एकाच रात्री पेशींच्या वेगवेगळ्या फांद्यांवर होत असेल तर विरोध नाही, पण भांडण मिटलंय असं म्हणवत नाही.

एक सुधारणा माझ्याच लिहिण्यात. मी हिप्पोकॅम्पसच धरून बसलो, पण हाताचं कसब मुख्यतः तिथे साठत नाही. हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतून 1953 मध्ये दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला होता. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीच्या कडेने रेघ ओढायला शिकवली. रोज सुधारत गेले, आणि रोज म्हणायचे की हे मी पहिल्यांदाच करतोय.

तुमच्यासाठी नेमका प्रयोग वेगळाच आहे, तो मी शेवटी राखून ठेवला होता. 1998 मध्ये उंदरांना एकाच पंजाने फटीतून दाणा काढायला पाच दिवस शिकवलं. मग मेंदूच्या दोन्ही बाजूंचे काप घेतले. शिकलेल्या पंजाचं काम बघणाऱ्या अर्ध्यात आडव्या जोडण्या जोरकस झाल्या होत्या. त्याच उंदराच्या दुसऱ्या अर्ध्यात नाही. आणि शिकलेल्या बाजूला तारेने आणखी एलटीपी करायला गेलं तर जागा कमी उरली होती, कारण शिकण्याने तीच जागा वापरली होती. तुमच्या 'टिच्चून भरले तर'ला इथे थोडं तथ्य आहे, तेव्हा तो प्रश्न मी उगाच झटकला नाही.

---

वेलांटी

उंदराचा एक अर्धा शिकलेला, दुसरा अडाणी. आमच्या घरी मी आणि हे.

---

शाईडाग (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, माफ करा. काल प्लास्टर निघालं.

हात बघून धक्काच बसला. मनगट बारीक झालंय, घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला. पाण्याचा तांब्या उचलवत नाही. सहा आठवडे वापर नाही, स्नायू गेला, हे दिसतच होतं. पेन दिलं कुणीतरी. बोटांना धरवत नव्हतं, रेघ थरथरत होती, 'ळ' काढला. थरथरता, फिका, पण माझाच 'ळ'. पहिली गाठ छोटी, दुसरी जरा खाली ओघळलेली, शाळेपासून जशी काढते तशीच. सहा आठवड्यांत त्याचं काहीच झालं नव्हतं.

रातकिडा, स्नायूची उपमा तुम्हाला का खटकते ते काल हाताने कळलं.

आता डाव्याचं काय होईल? सोडून दिलं तर जाईल का?

---

रातकिडा

2009 मध्ये उंदीर पंजाने दाणे काढायला शिकत असताना त्यांच्या मेंदूत तासाभरात नवे काटे उगवताना दिसले होते. पुढचा सराव चालू ठेवला तर त्यातले निवडक टिकले, आणि सराव थांबवल्यावरही बराच काळ तिथेच होते. तेव्हा वेग जाईल, सगळं जाणार नाही. वर्षाने पुन्हा लिहायला बसलात तर चौथ्या रात्रीपासून सुरुवात करावी लागणार नाही, असा माझा अंदाज.

---

शाईडाग

वर्षभर कशाला थांबू? रोज दहा काढते. दोन्ही हातांचे शेजारी शेजारी. सध्या डाव्याचा बरा येतोय. वेलांटी, फोटो टाकते उद्या, आधी हात धुते.